बांधावरचं हेलिकॉप्टर

फोनवर मी एक वाक्य जास्त बोललो. अण्णा, म्हणजे माझे थोरले भाऊ, शिरूर अनंतपाळहून येळवशीचं आवतण द्यायला बोलत होते. आवतण झालं, 'महानंदाला संगं घिऊन ये' झालं, माझ्या गुडघ्याची विचारपूस झाली. फोन ठेवायच्या बेतात असताना माझ्या तोंडून निसटलं, "अण्णा, विहिरीपाशी बांध असा वाकडा कसा काय झाला?"

पलीकडं मागं कुठंतरी म्हैस हंबरली. मग अण्णांचा आवाज आला, पण तो मघाचा आवाज नव्हता.

"दोन वर्सं झाली तू शेतात पाय टाकला न्हाईस. तुला कोण सांगितलं?"

इथं खरं बोललो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण वय बावन्न, पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात आरेखक, एका इंजिनीअर होऊ घातलेल्या मुलीचा बाप. अशा माणसानं थोरल्या भावाला कसं सांगावं, की अण्णा, मी दर रविवारी हेलिकॉप्टर घेऊन आपल्या शेतावर येतो म्हणून? मी म्हणालो, "कळलं असंच."

"असंच," अण्णा म्हणाले, आणि फोन ठेवला.

तीन वर्षं झाली त्याला. यंदा परत ते दिवस आलेत. नांदेडच्या बाजारात सकाळचं धुकं विरायच्या आत हरभऱ्याच्या भाजीचे ढीग लागतात. तुरीच्या हिरव्या शेंगा, वाटाणा, चवळी, पातीचा कांदा. भाजीवाली एका नजरेत गिऱ्हाईक ओळखते. "लातूरकडले न्हवं का तुमी? येळवस आली तुमची." मी नांदेडात एकोणतीस वर्षं राहतोय, पण मार्गशीर्षातली अमावास्या जवळ आली की माझ्या चेहऱ्यावर जिल्हा उमटत असावा. हरभऱ्याची पानं हातात घेतली की बोटांना ती आंबट खार लागते, आणि मी नकळत बोट जिभेला लावतो. चव तीच असते. पण गेली तीन वर्षं त्या चवीमागं आणखी एक चव येते, आणि ती भाजीची नाही.

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. ज्यानं पाहिली त्याला सांगायला नको आणि ज्यानं पाहिली नाही त्याला सांगून कळत नाही, तरी सांगतो. त्या दिवशी लातूर जिल्हा शेतात जेवतो. शहरातली दुकानं बंद, गल्ल्या ओस. लातूरच्या बाजारपेठेत त्या दिवशी कुत्रीसुद्धा गोंधळून उभी असतात. शेतात कडब्याची कोप उभी राहते. तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव होऊन बसतात. मग ताकातली आंबील, पंधरावीस भाज्यांची भज्जी, बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर. आणि नियम एकच: वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवायचं. ज्याला शेत नाही त्यानं दुसऱ्याच्या शेतात जेवायचं. त्या दिवशी कुणी कुणाला वगळत नाही. आमच्या शेतात मात्र त्या वर्षी एक माणूस वगळला गेला, आणि त्याला वगळणारं वाक्य माझं होतं.

आता हेलिकॉप्टरचं. लेक शिकायला लांब गेली तेव्हा तिचा कॉम्प्युटर मागच्या खोलीत तसाच राहिला. जाता जाता तिनं त्यात हेलिकॉप्टर उडवायचा खेळ घालून दिला. बापाला करमणार नाही असा तिचा अंदाज होता, आणि तो बरोबर होता. खेळ म्हणायचं एवढंच. त्यात यंत्र खऱ्यासारखं, वारा खऱ्यासारखा, आणि खाली जमीन तर खरीच. आकाशातून काढलेले फोटो सतरंजीसारखे अख्ख्या पृथ्वीवर अंथरलेले असतात. गोदावरी तिच्या जागी, गुरुद्वाऱ्याचा सोनेरी घुमट त्याच्या जागी, आमच्या कॉलनीतल्या पाण्याच्या टाक्यासुद्धा ओळखू येतात. उजव्या हाताची काठी मी विकत आणली. डाव्या हाताचा दांडा नळाच्या पाइपाचा स्वतः बनवला. पायाखाली दोन पेडल. त्या तीन गोष्टींवर मी संसाराइतकाच घाम गाळला.

विमान सरळ मनाचं असतं, पुढं जातं. हेलिकॉप्टर संशयी. डावा दांडा उचलला की ते वर जातं, पण लगेच नाक उजवीकडं वळवतं. ते पायानं सावरावं तर अंग एका बाजूला घसरतं. ते काठीनं आवरावं तर खाली बसायला लागतं. एकाला हात लावला की बाकीच्या दोघांना शंका येते, आपल्यामागं काय चाललंय म्हणून. पहिला महिनाभर मी गोदावरीत इतक्या वेळा पडलो की सगळे कुंभमेळे मिळून जेवढं पुण्य लागत नाही तेवढं मला घरबसल्या लागलं असेल.

हेलिकॉप्टरचं वेड तसं जुनं. मी दुसरीत असताना शिरूरला कुणी पुढारी हेलिकॉप्टरनं आले होते. धूळ उडू नये म्हणून मैदानावर टँकरनं पाणी मारलेलं. गावात प्यायला पाणी नव्हतं, आणि बायका घागरी घेऊन त्या ओल्या मातीकडं बघत उभ्या होत्या, हे मला आत्ता आठवतं. तेव्हा फक्त पंखा दिसला. अण्णा तेव्हा सतरा वर्षांचे. त्यांनी मला खांद्यावर घेतलं होतं. ते यंत्र उतरताना झालेल्या वाऱ्यात सगळी माणसं मागं सरकली, अण्णा सरकले नाहीत. डोळे मिटून, पाय रोवून उभे राहिले, कारण मला बघायचं होतं. त्यांच्या डोक्याला लावलेल्या करडईच्या तेलाचा वास आणि रॉकेलसारखा तो परका वास, दोन्ही एकत्र माझ्या नाकात बसलेत.

पहिला संशय आला तो महानंदाला. महानंदा म्हणजे माझी बायको. एका रविवारी सकाळी मी खोलीतून बाहेर आलो तर ती दारातच उभी, हातात लाटणं.

"आतनं बाईचा आवाज येऊन राहिला. इंग्रजीत. कोण हाय ती?"

"कंट्रोल टॉवर."

"टॉवरला आवाज असतो?"

"उतरायला परवानगी देते ती."

"आन तुम्ही तिला थँक्यू थँक्यू म्हणून राहिलात. सव्वीस वर्षं झाली, मला एकदा म्हणलात का?"

पुढचे दोन रविवार ती स्टूल घेऊन माझ्या मागं बसली, त्या बाईवर नजर ठेवून. तिसऱ्या रविवारी म्हणाली, "बिचारी एकच एक बोलते, तिचं काय भागत नसंल," आणि स्टूल उचलून नेलं. तेवढ्यावर तिचा संशय मिटला. बायकांचे संशय खरी चौकशी करतात, म्हणून ते मिटतात. माझा मिटला नाही, कारण मी चौकशी न करता नुसता घिरट्या घालत राहिलो.

नांदेडहून उडायचं, लोहा, अहमदपूर ओलांडायचं आणि लातूरच्या धावपट्टीवर उतरायचं, असा माझा नेम होता. एसटीला जिथं अर्धा दिवस जातो तिथं पाऊण तास. एकदा वाटलं, जरा डावीकडं वळून आपलं शेत बघावं. घरणी नदीची वळणं सापडली, गावाबाहेरची टाकी सापडली, मग आमची विहीर. एवढीशी काळी टिकली. छाती अशी भरून आली म्हणून सांगू! बाप गेल्यावर आपल्या शेताचा असा अख्खा तुकडा मी पहिल्यांदाच बघत होतो. आणि त्याच भरल्या छातीनं मी जरा खाली आलो, आणि बांध दिसला.

शेत दोघा भावांचं. बाबांनी जाण्याआधी गाडीवाटेवर उभं राहून हातानं वाटणी दाखवली होती: वाटेवरून शेतात शिरलं की डाव्या हाताचं उमाकांतचं, उजव्या हाताचं शिवकांतचं. मधला बांध विहिरीवरून सरळ जाणारा. उमाकांत मी, शिवकांत म्हणजे अण्णा. मी नोकरीवर, म्हणून दोन्ही बाजू अण्णाच वाहतात. खाली दिसणारा बांध मात्र सरळ नव्हता. विहिरीपाशी त्याचं पोट सुटलं होतं, आणि ते पोट डाव्या बाजूला, माझ्या अंगाला आलं होतं.

त्या दिवशी मी लातूरला उतरलो नाही. शेतावरच थांबलो.

हेलिकॉप्टर हवेत एका जागी उभं करणं ही सगळ्यात अवघड विद्या. नवशिका पायाखालच्या जमिनीकडं बघतो, आणि जितकं जवळ बघावं तितके हात जास्त हलतात. जरा इकडं झालं की तो तिकडं ओढतो, जास्तच ओढतो, मग परत इकडं. शेवटी झोका इतका वाढतो की यंत्र कोसळतं. जाणकार सांगतात, नजर लांब ठेवा, कडेच्या आभाळावर, मग हात आपोआप शांत होतात. मला ते कळत होतं. पण लांब बघितलं तर बांध दिसत नव्हता.

मग दर रविवारी तेच. आणि वार सोमवार उजाडला की जमिनीवरही तेच. अण्णांच्या सव्वीस वर्षांच्या वागण्याकडं मी पुन्हा एकदा वरून बघायला लागलो. 'लांबचा परवास, गुडघा दुखतो तुझा, कशाला येतोस यंदा,' असं ते दोन वर्षं म्हणाले होते. तेव्हा ती माया वाटली होती. पावसाळ्यात वहिनी म्हणाल्या होत्या, "लई चिखल हाय भावजी, आत्ता नका येऊ." चिखल होता, की बांधाची ताजी माती होती? दरसाल येणाऱ्या तुरीच्या डाळीच्या पिशवीवर अण्णा स्वतःच्या हातानं माझं नाव लिहायचे. एवढं ठळक नाव कशाला लिहितो माणूस? डाळ शिजली की घरभर तोच वास, आणि मी ताटावर बसून वरणाकडं शंकेनं बघायचो.

"मीठ कमी हाय का?" महानंदा विचारायची.

"नाही. चांगलंय."

"मग असं का बघून राहिलात त्याच्याकडं? वरणानं काय केलंय तुमचं?"

शेवटी मी माझ्या धंद्यावर, आरेखनावर, गेलो. ऑफिसातून ट्रेसिंग पेपरचा तुकडा आणला, हेलिकॉप्टर बांधावर आणून खेळ थांबवला, पेपर कॉम्प्युटरच्या काचेला चिकटवला आणि बारीक पेन्सिलीनं बांध उतरवून घेतला. विहीर, कडा, ते सुटलेलं पोट, सगळं. हात अजून चांगला आहे माझा. घडी घालून कागद पाकिटात ठेवला. फोनवरचं वाक्य निसटलं ते त्याच आठवड्यात. मनात जे रोज घोटावं ते कधीतरी तोंडावाटे बाहेर पडतंच.

येळवशीच्या आदल्या दिवशी आम्ही शिरूरला पोचलो. वहिनींनी पाणी दिलं, अण्णांनी चहा विचारला. सगळं रीतसर. नको इतकं रीतसर. एरवी अण्णा मला बघितल्यावर आधी माझ्या पोटावर एक थाप मारतात आणि 'सरकारी अनुदान' म्हणतात. त्या दिवशी मारली नाही. मी मनात नोंद केली: गुन्हेगार असाच वागतो. ते माझ्याकडं बघत होते तेव्हा त्यांच्याही मनात काहीतरी नोंद होत होती, हे मला दिसलं. पण तीही मी माझ्याच पुराव्यात धरली.

सकाळी शेताकडं निघालो. वहिनींच्या डोक्यावर टोपलं, महानंदाच्या कडेवर आंबिलीचं मडकं. ज्वारी पोटऱ्यात आलेली, करडईला काटे फुटलेले, दवानं पायजमे गुडघ्यापर्यंत ओले. आजूबाजूच्या प्रत्येक शेतातून धूर उठत होता आणि 'हर हर महादेव'चे आवाज येत होते. कोपीत पांडवांची पूजा झाली. मग चर शिंपायचा. म्हणजे आंबील पिकावर शिंपडत शेत फिरायचं. आमच्या घरची रीत अशी, की कडेनं फेरी झाली की विहिरीच्या रेषेत शेत आडवं कापत जायचं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. अण्णा पुढं मडकं घेऊन, मी मागं. तोंडानं म्हणायचं, "वलगे वलगे, सालम पलगे." कानडी आहे म्हणतात. अर्थ आमच्यात कुणाला माहीत नाही, पण ते म्हटल्याशिवाय पिकाला पटत नाही.

उगवतीच्या टोकापासून आम्ही निघालो. ही माझी बाजू, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी पावलं मोजायला सुरुवात केली. देवाच्या कामात मोजणी करणारा माणूस आमच्या घराण्यात मी पहिलाच असेन.

"वलगे वलगे, सालम पलगे..." एकसष्ट, बासष्ट... "वलगे वलगे..." चौसष्ट.

अण्णा न वळता म्हणाले, "काय पुटपुटून राहिलास?"

"वलगे वलगे."

"आकडे यिऊन राहिलेत त्याच्यात."

मी गप्प मोजत राहिलो. विहिरीपाशी बांधाला पाय लागला तेव्हा एकशे बावीस झाली होती. बाबांच्या वेळी इथवर एकशे तीस भरायची. आठ कमी होती. आता दुसरी बाजू मोजू, आणि मग बोलूच, असं मी ठरवत होतो तेवढ्यात अण्णा बांधावर चढले, मागं वळले आणि म्हणाले, "ह्ये माझं झालं. चल, आता तुझ्यात शिंपू."

माझा एक पाय बांधावर, एक खाली. "माझ्यात?"

"मग कुणाच्या?"

मी गाडीवाटेकडं बघितलं. ती खाली दक्षिणेला होती, बाबा उभे होते तिथं. तिथून शिरलं की डाव्या हाताला मावळतीची बाजू येते. माझी बाजू. आणि मी दर रविवारी नांदेडहून, म्हणजे उत्तरेकडून, बरोबर उलट्या अंगानं, वरच्या दारातून येत होतो. माझा डावा हात अण्णांच्या शेतावर होता. इतके दिवस त्यांच्या शेतावर घिरट्या घालून मी म्हणत होतो, माझं खाल्लं.

पलीकडची पावलं मी मोजली नाहीत असं म्हणालो तर खोटं होईल. पाय मोजत राहिले. एकशे अडतीस.

तुरीच्या आड जाऊन मी तो कागद काढला. सरळ धरला, जुळेना. उलटा केला, आणि बांधाचं पोट बांधाच्या पोटावर जाऊन बसलं. त्यावर उत्तर दिशेचा बाण नव्हता. आमच्या धंद्यात पोरांना पहिल्या दिवशी शिकवतात: आधी बाण काढा, मग रेघ. मी तीस पोरांना शिकवलंय ते.

पंगत बसली तेव्हा माझ्या लक्षात आलं, एक जागा कमी आहे. आमच्या शेताला लागून नागनाथचं शेत. अण्णांच्या बरोबरीचा माणूस. येळवशीला दोन्ही घरं एकत्रच जेवायची. त्यांची खीर आमच्याकडं, आमची भज्जी त्यांच्याकडं. त्यांच्या कोपीतून धूर दिसत होता. हाक मारावी इतक्या अंतरावर.

"नागनाथ नाही आले?" मी विचारलं.

वहिनींनी उंडा माझ्या ताटात ठेवला आणि नजर चुकवली. अण्णा म्हणाले, "चाडीखोराला माझ्या पंगतीत जागा न्हाई."

"कसली चाडी?"

"तुला ठाव न्हाई व्हय? बांध घातला तवा त्यो एकटाच हुता शेतात. दुसरं कुणी न्हवतं. नांदेडला फोन कुणी केला मग? म्या इचारलं त्याला तोंडावर. कानावर हात ठिवला त्यानं. तवापासनं बोलणं बंद हाय."

आंबिलीचा पेला माझ्या हातात होता. लसूण, जिरं, थंडगार. माझ्यासमोर दोनच वाटा होत्या. गप्प बसावं, तर एका माणसाचं चाळीस वर्षांचं शेजारपण माझ्या 'असंच'पायी जाणार. बोलावं, तर या कोपीत माझी जी काही इज्जत आहे, सरकारी साहेब म्हणून, ती आजच जाणार. खरं सांगतो, मी लगेच बोललो नाही. एक अख्खा उंडा खाल्ला त्या विचारात.

"अण्णा, नागनाथनं काही सांगितलं नाही. मी बघितलं."

"कवा?"

"रविवारी. वरून."

"वरून म्हंजे?"

"हेलिकॉप्टरातून."

वहिनींचा हात भज्जीच्या पातेल्यात थांबला. "भावजी," त्या हळूच म्हणाल्या, "तब्येत बरी हाय न्हवं?"

मी सांगत गेलो. कॉम्प्युटर, फोटो, नळाचा पाइप. जितकं सांगावं तितकं ते खोटं वाटत होतं, माझ्याच कानाला. अण्णा ऐकून घेत होते आणि त्यांचे डोळे बारीक होत होते. शेवटी म्हणाले, "नागनाथला वाचवायला येवढी मोठी थाप कशाला मारून राहिलास?"

मग राहिला एकच पुरावा. तो दिला की हेलिकॉप्टर खरं ठरणार होतं, आणि त्याबरोबर बाकीचंही. मी पाकिटातून कागद काढला आणि त्यांच्यापुढं ठेवला.

अण्णांनी हात धुतले. उपरण्याला पुसले. कागद उचलून उजेडाकडं धरला. शेत त्यांनी लगेच ओळखलं. कागद उलटा-सुलटा करायची त्यांना गरज पडली नाही. मग विचारलं, "माझ्या शेताचं चित्तर का काढलंस म्हंतो मी?"

मी विहिरीकडं, बांधाच्या पोटाकडं बघितलं. उत्तर त्यांना तिथंच कळलं.

"दोन वर्सांमागच्या पावसात बांध फुटला," ते म्हणाले. माझ्याशी नाही, कागदाशी बोलल्यासारखं. "हिरीपाशी येवढं भगदाड. जुन्या जागी मातीच ऱ्हायली न्हाई. कुणीकडं तरी सरकवायचाच हुता. तुझ्याकडं सरकवला असता तर तू म्हणला असतास, दोन्ही अंगं वाहतो म्हणून भावानं खाल्लं. म्हणून माझ्यात घेतला. नागनाथला साक्षीला उभं केलं."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर उपकार दाखवल्यासारखं झालं असतं."

मला तेव्हा जे वाटलं ते अजून नीट मांडता येत नाही. जमीन त्यांनी मायेनं सोडली असती तर मी रडून मोकळा झालो असतो. पण ती त्यांनी माझ्या भीतीनं सोडली होती. मला शंका यायच्या दोन वर्षं आधी त्यांना माहीत होतं की ती येईल. माझा शक माझ्याआधी त्यांनी ओळखला होता, आणि आठ पावलं देऊन तो विकत घेतला होता. तरीही तो माझ्यापाशीच राहिला.

मी उठलो आणि नागनाथकडं गेलो. ते कोपीबाहेर हात धूत होते. माझं सगळं ऐकून घेतलं. हसतील असं वाटलं होतं, हसले नाहीत.

"अण्णानं धाडलं का तू आलास?"

"मी आलो."

"मग जेवण झालंय म्हणावं."

परत येऊन मी तेवढंच सांगितलं. अण्णा उठले. उपरणं खांद्यावर टाकलं आणि आंबिलीचं मडकं स्वतः उचलून बांध ओलांडून गेले. लांबून दोघं उभे दिसत होते. आवाज येत नव्हता. अण्णांची मान खाली होती. माझ्यापायी खाली गेलेली ती मान मी पहिल्यांदाच बघत होतो. महानंदा आणि वहिनी एकमेकींकडं न बघता भज्जी ढवळत राहिल्या. मग दोघं आले. बोलत नव्हते, पण आले. नागनाथ पंगतीत बसले आणि वहिनींना म्हणाले, "वाढा. पोट भरलंय, तरी वाढा."

जेवणं झाल्यावर मी अण्णांना म्हणालो, "उन्हाळ्यात बांध सरळ करून घ्या. तुमचं तुमच्यात घ्या."

"सरकारी मोजणी आण," ते म्हणाले. "तोंडी नगं आता."

मोजणी मी आणली नाही. आणायची कोणत्या तोंडानं? बांध अजून तसाच आहे, पोट सुटलेला. अण्णा आवतणाचा फोन करतात, यंदाही आला. पोटावरची थापही परत सुरू झाली आहे. फक्त फोन ठेवण्याआधी ते एक विचारतात, "वरून समदं बरं दिसतंय न्हवं?" त्यात थट्टा किती आणि बाकीचं किती, हे मला सांगता येत नाही, आणि विचारायची छाती होत नाही.

त्या दिवशी परतीच्या एसटीत महानंदा खिडकीशी बसली होती. मांडीवर वहिनींनी दिलेला खिरीचा डबा. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, ती काही बोलली नाही. मला वाटलं आता बोलेल, खेळ बंद करा म्हणेल, लाजेनं मान खाली गेली म्हणेल. मी सगळ्याची उत्तरं तयार ठेवली होती. बाहेर उन्हं कलली होती, शेताशेतातले धूर विझत आले होते. नांदेड जवळ आलं तसा तिनं डबा माझ्या मांडीवर दिला, पदर सारखा केला आणि म्हणाली, "उडवायचं तर उडवा. पण देगलूरवरून तेवढं जाऊ नका. माझे तिघं भाऊ तिथं अजून एकत्र नांदून राहिलेत."